ओल्या हातांचे दिवस

चैत्र अर्धा सरला की आमच्या धुळ्याच्या गल्लीतल्या गच्च्या भरायला लागतात. जुनी धोतरं, विटलेली लुगडी, पलंगपोस, जे कापड हाताला लागेल ते अंथरलं जातं आणि त्यावर ओळीनं बिबडे, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड, वाळत पडतात. आंबवलेल्या ज्वारीचा तो वास सकाळीच जिन्यातून खाली उतरतो. बाहेरगावच्या माणसाला तो लगेच आवडत नाही. माझी सून नाशिकची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं नाकाला पदर लावून विचारलं होतं, "आई, घरात काही नासलंय का हो?" आता तीच मला आठवण करून देते, ज्वारी कधी भिजत घालायची म्हणून.

यंदा तिच्या लेकीच्या बालशाळेतून एक पुडकं आलं. त्यात रंगवलेले तांदूळ होते, एक चिकट हिरवा गोळा होता, प्लास्टिकचं भिंग होतं आणि सोबत छापील कागद. मुलांना सुट्टीत वेगवेगळ्या स्पर्शांचा अनुभव द्यावा, असं त्यात लिहिलं होतं. सून तो कागद मला वाचून दाखवत होती आणि तेवढ्यात नातीनं गच्चीवरच्या ओल्या बिबड्यात बोट खुपसलं. एकात नाही, अख्ख्या एका ओळीत. सून ओरडली. मी म्हटलं, "घेऊ दे की अनुभव. कागदात लिहिलंय ना?" सुनेनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप उठून ते बिबडे पुन्हा थापायला बसले. पाण्याच्या वाटीत हात बुडवला आणि एकदम गिरणाकाठचं ते गाव आठवलं. ओला हात पिठाला लागला की मला दर वर्षी तेच आठवतं, आणि आठवलं की बरं वाटतं.

तेव्हा मी भडगावजवळच्या एका लहान गावात बालवाडीची ताई होते. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. बालवाडी म्हणजे आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराची ओसरी. एक फळा, एक सतरंजी, पाण्याचा माठ आणि तीस-पस्तीस मुलं. खेळणी म्हणून सरकारकडून एक लाकडी पेटी आली होती, तिच्यातला घोडा पहिल्याच आठवड्यात तिघांनी मिळून मोडला. पेटीत मग मी वह्या ठेवायला लागले. मुलांना दोन तास गुंतवायचं कशात, हा प्रश्न रोज सकाळी साडेसातला माझ्यासमोर नाक पुसत उभा असायचा.

मी काही फार शिकलेली बाई नाही. मॅट्रिक आणि वर सहा महिन्यांचं प्रशिक्षण. विज्ञान हा शब्द ऐकला की मला शाळेतल्या काचेच्या नळ्या आणि बाईंचा ओरडा आठवायचा. पण स्वयंपाकघर मला येत होतं. म्हणून मी घरातलं एकेक उचलून बालवाडीत न्यायला लागले. एक दिवस भुईमुगाच्या शेंगा आणि पाण्यानं भरलेलं घमेलं. शेंग टाकली की तरंगते. फोडून दाणा टाकला की बुडतो. मुलांनी हे पन्नास वेळा करून पाहिलं, आणि पन्नासाव्या वेळेलाही दाणा बुडाला याचं त्यांना तेवढंच नवल वाटलं. बुडालेला दाणा काढून खायचा, हा नियम त्यांनी स्वतःच केला होता. त्यामुळे दोन शेर शेंगा एका सकाळीत संपल्या.

मग डब्यांचा खेळ. रिकाम्या डब्यांत ओवा, हिंग, लसूण, धणे, कोरडी मेथी. डोळ्यांवर फडकं बांधायचं आणि वासावरून ओळखायचं. एका मुलीनं ओव्याचा डबा हुंगला आणि ठामपणे सांगितलं, "हाई तं मना भाऊनं पोट दुखनं." बरोबरच होतं तिचं. भावाचं पोट दुखलं की घरात ओवा निघायचा. मी तिला शाबासकी दिली. केळीच्या पानावर पाण्याचे थेंब पळवायचे, तेल आणि पाणी एका बाटलीत घालून हलवायचं आणि परत वेगळं व्हायची वाट बघायची, कच्ची केळी डब्यात कोंडून तिसऱ्या दिवशी उघडायची. लिंबाच्या रसात खायचा सोडा टाकला की फेस उसळून वाटीबाहेर यायचा, त्या वेळी ओसरीत जो आरडाओरडा व्हायचा तो ऐकून रस्त्यानं जाणारी माणसं आत डोकावायची. घरी आमचे हे विचारायचे, "या घरात लिंबं टिकत का नाहीत?" मी सांगायचे, ऊन फार आहे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सुमीचा हात भाजला.

सुमी म्हणजे कलाबाईची मुलगी. कलाबाई दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायची, आणि फाल्गुनापासून घरोघरी बिबडे करायला तिला बोलावणं असायचं, कारण तिच्या हातचा बिबडा कागदासारखा पातळ उतरायचा. तो कसा करतात हे ज्यानं पाहिलं नसेल त्याच्यासाठी सांगते. आंबवलेल्या ज्वारीच्या पिठात लसूण, मिरची, जिरं, तीळ घालून मोठ्या पातेल्यात ते शिजवतात. शिजलं की ते तसंच चटका लागणारं गरम असताना त्यातला गोळा हातानं उचलायचा आणि ओल्या कापडावर थापायचा. गार झालं की ते पसरत नाही, म्हणून थांबायची सोय नाही. बायका शेजारी गार पाण्याची पातेली ठेवतात. हात पाण्यात बुडवायचा, झटकन गोळा घ्यायचा, थापायचा, परत पाण्यात. ओल्या हाताला तेवढ्या क्षणापुरता चटका लागत नाही. बायकांना हे कुणी शिकवत नाही, आणि त्याही कुणाला सांगत नाहीत. हात आपोआप पाण्यात जातो.

सुमीनं आईला वर्षानुवर्षं गरम पिठात हात घालताना पाहिलं होतं. पाणी तिनं पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं असेल तरी ते कशासाठी हे तिला कळलं नव्हतं. त्या दिवशी कलाबाईच्या पातेल्यातल्या पिठावर साय धरली होती, वाफही दिसत नव्हती. पोरीनं कोरडा हात मनगटापर्यंत आत घातला. चिकट पीठ, ते हाताला धरून राहिलं. खेड्यापाड्यात पोळतं, भाजतं, होतं सगळं. पण ही चूक फक्त आमच्याकडच्याच पोरीच्या हातून होऊ शकते, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

महिन्याभरात जखम भरली. पाचोऱ्याच्या डॉक्टरांनी पट्टी काढली आणि सांगितलं की आता या हाताला काम द्या. मूठ उघडायला हवी, बोटं ताणली जायला हवीत. नाहीतर नवी कातडी आखडत जाईल आणि बोटं आत वळलेलीच राहतील. पावसाळ्यापर्यंत काय ते होईल, पुढे अवघड आहे. सुमी मात्र मूठ उघडायला तयार नव्हती. खोबरेल तेल लावायला हात धरला की किंचाळायची. बालवाडीत आली तेव्हा उजवा हात काखेत दाबून, एका खांबाला टेकून बसली.

कलाबाई तिला सोडायला आली होती. ती जाईना. ओसरीच्या पायरीवर उभी राहून पदराचं टोक पिळत म्हणाली, "ताई, जूनमा इनं नाव घालनं शे शाळामा. पन उजवा हातच नही चालना तं घेतीन का इले? लिखी कशी ती?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "पातेलं मनंच व्हतं. मीच फिरीसन पाहं नही." मी "बघू आपण," एवढंच म्हटलं. ती गेल्यावर मला माझाच राग आला. बघू म्हणजे काय बघू? डॉक्टर मी नव्हते. माझ्याकडे शेंगा, ओवा आणि घमेलं होतं.

तेच मग वापरलं. दुसऱ्या दिवशी घमेल्यात पाणी न भरता ज्वारी भरली आणि तळाशी चिंचोके लपवले. ज्याला जास्त चिंचोके सापडतील तो राजा. उन्हाळ्यात सकाळी ज्वारीत हात घातला की कोपरापर्यंत गार वाटतं. तुम्ही घालून बघा. मुलं घमेल्यावर तुटून पडली. सुमी खांबाला टेकून बघत राहिली. तिसऱ्या दिवशी ती सरकत सरकत आली आणि तिनं डावा हात घातला. मी बाकीच्यांचे चिंचोके मोजत राहिले. त्याच आठवड्यात एकदा डाव्या हातात चिंचोके मावेनात, तेव्हा उजव्याची मूठ तिनं जराशी सैल केली आणि दोन चिंचोके त्यात कोंबले. मला ओरडावंसं वाटत होतं. मी माठाकडे जाऊन पाणी प्यायले.

मुलांना काही करायला लावायचं असेल तर त्यांच्याकडे बघायचं नाही, हे मी सुमीकडून शिकले. मी तिच्याकडे पाहिलं की मूठ बंद. मी दुसरीकडे वळले की बोटं हळूच बाहेर. म्हणून मी पूर्ण चैत्र तिच्याकडे पाठ करून काढला असं म्हटलं तरी चालेल. माझ्या मागे काय चाललंय ते बाकीची मुलं मला खुणेनं सांगायची. अख्खी बालवाडी त्या कटात सामील होती.

ज्वारीनंतर ओल्या चिंध्या पिळायचा खेळ आणला. त्यानंतर कणीक. घरून कणकेचे गोळे न्यायचे, थोडं मीठ, थोडं तेल, रंगासाठी भरपूर हळद. पिवळेधमक गोळे. त्यांचे साप, लाडू, बैल, भाकरी. सुमी तिचा गोळा उजव्या मुठीत धरून नुसती दाबायची. बोटांच्या फटींतून कणीक बाहेर आली की तिच्याकडे बघत राहायची. आठ-दहा दिवसांत तिची तीन बोटं बऱ्यापैकी सुटी झाली. कलाबाई रोज संध्याकाळी मला घरी येऊन सांगायची, आज इतकं उघडलं, आणि अंगठा-बोटातलं अंतर दाखवायची. ते अंतर ती रोज थोडं वाढवूनच दाखवायची, हे मला कळत होतं.

आणि मग मला हुशारी सुचली.

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या त्या बहुतेक अशाच, सगळं बरं चाललेलं असताना. आमच्या घरी त्या दिवशी पापडाची तयारी चालली होती. पापडखाराचं पाणी उकळून गार करून ठेवलं होतं. त्यातले थेंब ओट्यावर सांडले, तिथे हळद पडलेली होती आणि ती लालभडक झाली. हळदीत खार किंवा चुना पडला की ती लाल होते, कुंकू तसंच तर करायचे पूर्वी. मला वाटलं, वा, काय जादू आहे ही मुलांसाठी! एका बाटलीत ते पाणी घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ओसरीत सगळ्यांना गोल बसवून मोठ्या थाटात जाहीर केलं की आज जादू. सगळ्या मुलांचे गोळे एकत्र केले. एक मोठा पिवळा गोळा. त्यावर बाटलीतलं पाणी ओतलं आणि मळायला घेतलं.

गोळा लाल झाला. पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून तांबडा, आणि मळता मळता मधूनच गडद डाग. मुलं टाळ्या पिटायला लागली. त्या गोंधळात एक आवाज वेगळाच ऐकू आला. सुमी उभी राहिली होती. "भाजी गयं! ताई, भाजी गयं ते!" गोळा भाजला, असं तिला वाटलं होतं. त्या गोळ्यात तिचाही गोळा होता, दहा दिवस रोज मुठीत धरलेला. तिनं हात काखेत घातला आणि पळत सुटली. उन्हात, अनवाणी.

तिच्या हाताची नवी कातडी अगदी त्याच रंगाची होती. मी रोज पाहत होते, आणि मला ते दिसलं नव्हतं.

तीन दिवस सुमी आली नाही. कलाबाई संध्याकाळी आली, पण तिनं अंगठा-बोट दाखवलं नाही. "हात परत बांधी लिधा इनी," एवढंच म्हणाली. मला रागावली असती तर बरं झालं असतं. मी दोन रात्री नीट जेवले नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, नकळत झालं." नकळत झालं हे खरं, पण पोरीची मूठ काही तेवढ्यानं उघडणार नव्हती. चौथ्या दिवशी बालवाडी सुटल्यावर घरी आले, पितळी डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला तो लाल गोळा काढला, एक लिंबू घेतलं आणि कलाबाईच्या घरी गेले.

कलाबाई कुणाकडे तरी बिबडे करायला गेली होती. सुमी एकटी उंबऱ्यात बसली होती. मी तिच्याशेजारी बसले आणि डबा उघडला. तिनं मान फिरवली. मी म्हटलं, "सुमे, माझ्याकडून चूक झाली. मी न विचारता पाणी ओतलं. आता याला बरं करू या का?" तिची मान तशीच होती, पण कान माझ्याकडे होता. मी लिंबू कापलं आणि अर्धी फोड गोळ्याच्या एका कडेवर पिळली. लिंबू पडलं तिथे लाल रंग फिटत गेला आणि खालून पिवळा उगवला. मी पुन्हा पिळलं. पिवळा ठिपका पसरला.

सुमी डोळे विस्फारून बघत होती. "बरं व्हयनं?"

"होतंय. तू पिळ आता."

तिनं लिंबाची दुसरी फोड डाव्या हातात घेतली. गोळा मांडीवरून घसरायला लागला, तेव्हा तिनं तो सावरायला उजवा हात पुढे केला. मूठ उघडल्याशिवाय गोळा धरता येत नाही. तिनं ती उघडली. गोळा त्या तळहातावर ठेवला आणि दुसऱ्या हातानं लिंबू पिळलं, वळवून परत पिळलं, चोळलं, उलटा केला, परत पिळलं. रस बोटांच्या फटींतून तिच्या फ्रॉकवर गळत होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा तिचा तळहात पूर्ण पाहिला. ती मात्र गोळ्याकडेच बघत होती. गोळा बराचसा पिवळा झाला तेव्हा तिनं तो खाली ठेवला, हात फ्रॉकला पुसला आणि माझ्यासमोर धरला.

"आते मना हातवर बी पिळा ना, ताई."

मला हे आधी सुचायला हवं होतं. पोरीला गोळा बरा करून दाखवायचा तर ती हे विचारणारच. पण मी घरून निघताना फक्त गोळ्याचा विचार केला होता. माझ्या हातात लिंबाचं साल होतं, ते मी उगाच दाबत बसले. खोटं बोलणं सोपं होतं. रोज थोडं पिळू, होईल हळूहळू, असं म्हणता आलं असतं. पण याच पोरीला मी आठवड्यात दुसऱ्यांदा फसवणार नव्हते.

"हाताला नाही चालत गं लिंबू," मी म्हटलं. "गोळा नुसता रंगला होता. तुझा हात खरंच भाजलाय."

तिनं हात उलटसुलट करून पाहिला. "मंग हाऊ असाच ऱ्हाई?"

"रंग राहील थोडा. दुखणार नाही."

तिनं थोडा विचार केला. साडेपाच-सहा वर्षांचं पोर विचार करतं तेव्हा ते अगदी स्पष्ट दिसतं, कपाळावर आठी येते आणि ओठ बाहेर येतात. मग ती म्हणाली, "मंग ऱ्हाऊ द्या." आणि गोळा परत उचलून त्याचा बैल करायला बसली, दोन्ही हातांनी. मला रडू आलं. ते लपवायला मी उठले आणि कलाबाईच्या माठातलं पाणी प्यायले. त्या उन्हाळ्यात मी एकूण बरंच पाणी प्यायले.

वैशाख सगळा छान गेला. खरं सांगायचं तर इतका भरलेला उन्हाळा मला पुन्हा मिळाला नाही. सकाळी साडेसातलाच ऊन चढायचं, विहाराच्या ओसरीत माठ पाझरून खालची माती ओली व्हायची आणि मुलं त्या ओल्या मातीला पाय लावून बसायची. एकदा बर्फगोळेवाल्याकडून बर्फाची लादी आणली, अर्धी गोणपाटात गुंडाळली, अर्धी उघडी ठेवली. कुठली आधी संपते? मुलांनी एकमतानं सांगितलं, गोणपाटातली, कारण तिला गरम होत असणार. उघडी आधी विरघळली तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. सुमीनं बर्फाचा तुकडा उजव्या हातात धरून किती वेळ राहता येतं याची पैज लावली आणि सगळ्यांना हरवलं. नव्या कातडीला गार कमी लागत असावं. "मना हात भारी शे," असं ती त्यानंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होती.

एकदा मी कलाबाई जिथे बिबडे करत होती तिथे गेले. अंगणात पाच-सहा बायका बसल्या होत्या, मधे पातेलं. सुमी पाण्याच्या पातेल्याजवळ कमरेवर हात ठेवून उभी होती. जी बाई पिठाकडे हात नेईल तिला ती अडवायची. "पहिले हात वल्ला करा! बठ्ठ्याजनी वल्ला करा!" चाळीस वर्षं बिबडे थापलेल्या बायका निमूटपणे हात बुडवून तिला दाखवत होत्या. एकीनं गंमत म्हणून कोरडा हात पुढे केला तर पोरीनं तो धरून पाण्यात दाबला. कलाबाई खाली मान घालून भराभर थापत होती, पण गालात हसत होती.

बोटं मात्र पूर्ण सरळ झाली नाहीत. हे मला लिहिताना जड जातं, पण तसंच झालं. मूठ उघडली, पकड आली, पेन्सिल धरता यायला लागली, वाकडं का होईना पाटीवर ती रेघ ओढायला लागली. पण बोटं पुढच्या पेरांत वाकलेलीच राहिली. डॉक्टर म्हणाले, खूप झालं हे. कलाबाई पुन्हा पुन्हा विचारायची, खूप झालं म्हणजे शाळेपुरतं झालं का? ते डॉक्टरांना कसं सांगता येणार होतं?

जूनमध्ये शाळा उघडल्या. नाव घालायच्या दिवशी कलाबाईनं मला सोबत यायला सांगितलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत व्हरांड्यात टेबल टाकून गुरुजी बसले होते, समोर आयांची आणि पोरांची रांग. जन्माचा दाखला कोणाकडेच नसायचा. म्हणून तेव्हा एकच रीत होती. पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. हात कानापर्यंत पोचला की पोर सहा वर्षांचं, नाव घाला, जन्मतारीख एक जून. नाही पोचला तर पुढच्या वर्षी या.

ही रीत मला माहीत होती. माझं स्वतःचं नावही तसंच घातलं होतं. पण वाकलेल्या बोटांचा हात आखूड पडेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, आणि रांगेत आमच्या पुढे दोनच पोरं उरली तेव्हा ते आलं. मी कलाबाईकडे पाहिलं. तिलाही त्याच वेळी सुचलं असावं. तिनं सुमीचा खांदा घट्ट धरला होता.

"उजवा हात डोक्यावरून घे. कान धर," गुरुजी वहीतून मान वर न करता म्हणाले. सकाळपासून त्यांनी तीस-चाळीस कान पाहिले असतील.

सुमीनं हात डोक्यावरून नेला. बोटं कानाच्या वर, केसांतच राहिली. तिनं टाचा उचलल्या, पण टाचा उचलून उपयोग काय? गुरुजींनी ओझरतं पाहिलं. "लहान आहे. पुढल्या वर्षी आणा."

कलाबाई बाजूला व्हायला लागली. तिला जन्मभर बाजूला व्हायची सवय होती. मी पुढे सरसावले, बोलायला तोंड उघडलं, डॉक्टर काय म्हणाले, हात कसा भाजला, सगळं ओठांवर आलं होतं. सुमी माझ्याआधी बोलली. "थांबा ना, गुरुजी."

आता गुरुजींनी नीट पाहिलं. त्यांना हात दिसला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि आवाज मऊ करून म्हणाले, "बरं, बरं. डाव्या हातानं कर पोरी. चालेल."

"नही. हाऊच."

तिनं उजवा हात होता तिथेच डोक्यावर ठेवला आणि मान उजवीकडे झुकवायला लागली. झुकवत झुकवत तिचा गाल उजव्या खांद्याला टेकला. डावा कान वर आला, बोटांखाली आला, आणि तिनं तो पकडला. वाकलेली बोटं, त्यांची पकड चांगलीच घट्ट बसली. रांगेतलं एक पोर हसलं. गुरुजीही हसू दाबत म्हणाले, "अगं, असं डोकं वाकवायचं नसतं."

"हात कानलोंग जात नही," सुमीनं तशाच तिरक्या मानेनं त्यांना समजावून सांगितलं, "मंग मी कानच हातकडे लई उनू."

गुरुजींनी पेन उचललं. "पूर्ण नाव सांगा," ते कलाबाईला म्हणाले. कलाबाई पदर तोंडाला लावून नुसती मान हलवत होती. म्हणून नाव मी सांगितलं, बापाचं सांगितलं, आडनाव सांगितलं. गुरुजींनी लिहून घेतलं, टीप कागद दाबला, वही मिटली. सुमी अजून कान धरूनच उभी होती. आता सोड, असं तिला सांगायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.